आपला पोशाख कोणता? निजामशाहीतल्या एका चित्रापासून माझ्या रोजच्या साडीपर्यंत

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. गरज पडेल तेव्हा उर्दूचे तासही घेते. आमच्या शाळेत दर जानेवारीत पारंपरिक वेशभूषेचा दिवस असतो. त्या दिवशी गणवेशाला सुट्टी असते, त्यामुळे मुली आठ दिवस आधीपासून हवेत असतात.

गेल्या वेळी बहुतेक मुली शरारा किंवा घरारा घालून आल्या होत्या. काहीजणींनी नवे, चमकदार खडे लावलेले अबाये घातले होते. नववीतली एक मुलगी मात्र दादीचं हिरवं नऊवारी लुगडं नेसून आली. दादीनेच नेसवलं होतं, त्यामुळे ते नीट बसलं होतं. मला ती फार छान दिसली. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात रडवेली उभी.

"टीचर, सब बोल रहीं, ये अपना ड्रेसच नहीं है. हिंदू लोगां का है बोल रहीं."

मी तिला डोळे पुसायला सांगितलं, तू छान दिसतेस म्हटलं, आणि घंटा झाली. यापेक्षा जास्त काही मला तेव्हा सुचलं नाही. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला नववीतल्या मुलीच्या एका वाक्याचं उत्तर देता आलं नाही, ही गोष्ट मला घरी जाईपर्यंत टोचत राहिली.

घरी गेल्यावर दोन गोष्टी डोक्यात आल्या. पहिली त्या वाक्यातल्या 'च'बद्दल. 'ड्रेसच नहीं है' असं लखनौची मुलगी म्हणणार नाही. ती 'ही' वापरेल. हा 'च' आपल्या दखनीत मराठीतून आला. आपला 'नक्को'ही तिथूनच आला. म्हणजे लुगडं आपलं नाही, हे त्या मुली मराठीच्या 'च'वर जोर देऊन सांगत होत्या!

दुसरी गोष्ट जुनी आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात मी सुती साडी नेसून गेले होते. शेजारी बसलेल्या एका बाईंनी दुपारी जेवताना माझं नाव विचारलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "अय्या, तुम्ही मुसलमान वाटतच नाही हो!" त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या दिवशी साडीने मला 'आपल्यातून' वजा केलं होतं, आणि आता माझ्या विद्यार्थिनीलाही तिच्याच मैत्रिणींनी लुगड्यामुळे वजा केलं. दोन्हीकडे हिशेब एकच होता, साडी त्यांची आणि शरारा तुमचा.

हा हिशेब खरा आहे का, ते मला बघायचं होतं. शरारा-घरारा अवधकडचे, लखनौचे. अबाया अरबस्तानाकडून आला. दोन्ही सुंदर आहेत, ज्यांना आवडतात त्यांनी जरूर घालावेत, माझी काही तक्रार नाही. पण दख्खनमध्ये बहमनी राज्य १३४७ साली उभं राहिलं, आणि मुसलमान वस्ती त्याच्याही आधीची. इतकी शतकं या मातीत राहिलेल्या बायका काय नेसत होत्या? लखनौच्या दुकानातून पार्सल तर येत नव्हतं.

बी.एड.ला असताना पाठाच्या टाचणात 'शैक्षणिक साधने' असा एक रकाना भरावा लागायचा. काही सुचलं नाही की आम्ही तिथे 'चित्र' लिहून मोकळं व्हायचो. यावेळी मी खरोखरच चित्र शोधायला निघाले.

जे सापडलं ते घराजवळचंच निघालं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाचं फारसी हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या कवीने अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची स्तुती त्यात काव्यात केली आहे. हुसेन निजामशहाने १५५३ ते १५६५ पर्यंत राज्य केलं. जानेवारी १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरच्या रामरायाचा पराभव केला. आपण शाळेत तालिकोटची किंवा राक्षसतागडीची लढाई म्हणून शिकतो ती हीच. त्या लढाईची चित्रंही या पुस्तकात आहेत. लढाईनंतर काही महिन्यांतच हुसेन वारला, आणि पुस्तक त्याच्या बेगमेच्या, खुंजा हुमायूनच्या काळात पुरं झालं. दख्खनी चित्रकलेची जी सर्वांत जुनी उदाहरणं आज शिल्लक आहेत, त्यांत या पुस्तकातली चित्रं धरतात.

या चित्रांच्या छापील प्रतिमा मी एका ग्रंथालयात बसून पाहिल्या. पहिल्यांदा माझी नजर गेली ती पुसलेल्या जागेवर. राजा सिंहासनावर बसला आहे, आजूबाजूला दासी आहेत, आणि राजाजवळ जिथे कुणीतरी बसलेलं असायला हवं, तिथे ती व्यक्ती रंग फासून घालवली आहे. ती खुंजा हुमायून.

तिची गोष्ट थोडक्यात सांगते. नवरा वारला तेव्हा मुलगा मुर्तजा लहान होता. त्याच्या नावाने काही वर्षं तिने राज्याचा कारभार चालवला. दरबारातल्या सरदारांना ते खुपलं. १५६९ च्या सुमारास मुलाच्याच संमतीने तिला अटक झाली. पुस्तकात राजाच्या बरोबरीने काढलेली तिची चित्रं त्यानंतर खराब केली गेली, असं अभ्यासक मानतात. मुसलमान दरबारात राणीला राजाशेजारी इतक्या उघडपणे चित्रात बसवणं तेव्हा दुर्मीळ होतं. ते धाडस झालंही आणि पुसलंही गेलं. १५९५-९६ मध्ये मोगलांसमोर अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी ही याच खुंजा हुमायूनची मुलगी. मुलीचं नाव महाराष्ट्रात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. आईचा चेहरा मात्र आपल्याला पाहताही येत नाही.

राणी पुसली गेली तरी तिच्याभोवतीच्या बायका चित्रात राहिल्या. मला जे हवं होतं ते त्यांच्या अंगावर होतं.

त्या बायकांच्या अंगात तोकडी, घट्ट चोळी आहे. पाठीवर लांब वेणी आहे आणि वेणीच्या टोकाला गोंडा. एक लांब वस्त्र कमरेच्या बरंच खालून अंगाभोवती फिरवून घेतलेलं आहे. शरारा नाही, घरारा नाही. चित्रकलेचे अभ्यासक हा पोशाख उकलून दाखवतात तेव्हा फार मजेशीर गोष्ट पुढे येते. चोळी आणि गोंड्याची वेणी ही उत्तरेकडची धाटणी, मोगलांच्या आधी माळव्याकडे जी चित्रं काढली जात त्यांतली. अंगाभोवती फिरवलेलं ते लांब वस्त्र मात्र दक्षिणेकडचं. तशी वस्त्रं लेपाक्षीच्या वीरभद्र मंदिरातल्या भित्तिचित्रांमध्ये दिसतात.

लेपाक्षी म्हणजे विजयनगर. पुस्तक लिहिलं ते विजयनगरला हरवल्याचा गौरव करायला, आणि त्याच पुस्तकातल्या बायका विजयनगरच्या पद्धतीने वस्त्र नेसून उभ्या आहेत! ज्याच्याशी लढायचं त्याचे कपडे घालायचे नाहीत, असा नियम तेव्हा कुणाला ठाऊक नसावा.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. लेपाक्षीच्या त्याच मंदिरात विजयनगरचे दरबारी पुरुष पाहिले तर त्यांच्या अंगात लांब पांढरे अंगरखे आणि डोक्यावर उंच, निमुळत्या टोप्या आहेत. त्या अंगरख्याला तिकडे 'कबायी' म्हणत आणि टोपीला 'कुल्लायी'. उर्दू येणाऱ्याला हे शब्द फोडून सांगायची गरज नाही. कबायी म्हणजे अरबी 'कबा' आणि कुल्लायी म्हणजे फारसी 'कुलाह'. फिलिप वॅगनर नावाच्या अभ्यासकाने १९९६ साली यावर एक गाजलेला लेख लिहिला. विजयनगरच्या राजांनी दरबारासाठी इस्लामी जगाचा पोशाख आपणहून घेतला होता, कारण त्या काळी प्रतिष्ठित राजा असाच दिसायचा, असं त्याने दाखवून दिलं. म्हणजे हिंदू राजाच्या दरबारी पुरुषाच्या अंगात कबा आणि मुसलमान राजाच्या महालातल्या बाईच्या अंगावर दक्षिणेचं वस्त्र. या दोन राज्यांनी एकमेकांशी लढाया केल्या, गावं जाळली, माणसं मारली. हे झाकायचं काही कारण नाही. पण लढाई राज्यासाठी होती. साडी कुणाची, यावर ती झाली नव्हती.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. चित्र म्हणजे फोटो नव्हे. चितारी समोरच्या बाईला पाहून काढतो त्यापेक्षा गुरूकडे शिकलेली बाई जास्त काढतो. याच पुस्तकात एका चित्रात सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाड बहरतं असा प्रसंग आहे. ही दोहदाची कल्पना संस्कृत काव्यातली. फारसी पुस्तकात ती आली म्हणजे अहमदनगरच्या बागेत रोज झाडं अशी फुलत होती असं नव्हे. तसंच चोळीचं. शिवाय हा महाल आहे. शेतात राबणारी, सूत काढणारी, भाजी विकणारी मुसलमान बाई या चित्रांत नाही. त्यामुळे 'निजामशाहीत सगळ्या मुसलमान बायका असंच नेसत' असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणते, की निजामशाहीच्या राजघराण्याने जी सुंदर बाई आपल्या पुस्तकात काढून घेतली, ती शरारा घालून उभी नव्हती, आणि त्यांना त्यात आपला धर्म बुडाला असं वाटलं नाही.

हे सगळं वर्गात सांगायचं तर फळ्यावर लिहून भागणार नव्हतं. मग ठरवलं की हा पोशाख आपण रोजच्या वापरात आणून बघायचा. नाटकातल्यासारखा मुकुट-बाजूबंद लावून नाही, तर ज्यात खडूने हात पांढरे होतील, बस पकडता येईल आणि घरी येऊन भाकऱ्या थापता येतील असा.

सुरुवात चोळीपासून केली. चित्रातली चोळी तोकडी आहे, पोट उघडं आहे. ती जशीच्या तशी घालणं मला जमणार नव्हतं आणि घालायचंही नव्हतं. चित्रातून काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे आपल्या हातात असतं. मी खणाचं कापड घेतलं. खण गुळेदगुड्डचा आणि माझी सुती साडी इरकल. ही दोन्ही गावं जुन्या विजापूरच्या मुलखातली, आता कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात. खण घेऊन आमच्या मोहल्ल्यातल्या टेलरचाचांकडे गेले. म्हटलं, कमरेपर्यंत लांब, बाह्या मनगटापर्यंत, पण छातीवरचा काप जुन्या चोळीसारखा हवा.

चाचांनी चष्मा वर केला. "बुढ्ढ्या औरतां पहनते थे वैसा? गाँठ वाली?"

"हौ चाचा. गाँठ नक्को, हूक लगाव. पर काट वैसाच."

चाचा खूश झाले. तरुणपणी त्यांनी अशा चोळ्या ढिगाने शिवल्या होत्या, आपल्याही बायकांच्या आणि गल्लीपलीकडच्या मराठा-माळ्यांच्या बायकांच्याही. काप एकच असायचा, म्हणाले. माप घेताना ते बोलत होते आणि मला भाषेची शिक्षिका म्हणून मौज वाटत होती. अस्तर लावू का? अस्तनी किती? खिसा नको ना? अस्तर फारसी, अस्तनी फारसी 'आस्तीन'वरून, खिसा अरबी 'कीसा'वरून. कापड मोजायचा गज फारसी, मोजा फारसी, शाल फारसी. रुमाल म्हणजे 'रू', तोंड, पुसायचं कापड. पायजमा म्हणजे पायाचा जामा. कशिदा, मखमल आणि जर हे शब्दही तिकडूनच आले. यांतला एकेक शब्द 'त्यांचा' म्हणून काढून टाकला तर मराठी शिंप्याला दुकान बंद करावं लागेल. आणि चोळी हा शब्द? तो संस्कृत 'चोल'शी जोडलेला. आमच्या घरातही तिला चोलीच म्हणत.

दुसरी वस्तू ते लांब वस्त्र. इथे माझी फजिती झाली. मी आधी सलवार-कमीजवर अडीच मीटरची सुती ओढणी चित्रातल्यासारखी कमरेच्या खालून फिरवून खांद्यावर टाकली. आरशात बरं दिसत होतं. स्कूटीवर बसले आणि पहिल्याच वळणावर टोक सुटलं. चाकात जाता जाता वाचलं. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने ओरडून सांगितलं म्हणून बरं. चित्रातल्या बाईला स्कूटी चालवायची नव्हती, हे मी विसरले होते.

मग सहावारी इरकल नेसले. पदर लांब सोडला, डाव्या खांद्यावरून मागे टाकला, आणि टोक पाठीमागून उजव्या बाजूने पुढे आणून कमरेला खोचलं. आरशात बघितलं आणि हात जागीच थांबला. पदर कमरेखालून वळसा घेऊन येत होता, थेट त्या चित्रातल्यासारखा. आणि हे मी आयुष्यभर पाहत आले होते. माझी दादी विहिरीवर जाताना, जात्यावर बसताना, मोहरमच्या शरबताचं पातेलं उचलताना पदर असाच खोचायची. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या राजवाड्यातून ही लकब आमच्या दादीपर्यंत चालत आली असा दावा मी करत नाही. तसं सिद्ध करता येणार नाही. पण जे मी पुस्तकात शोधत होते ते आमच्या अंगणात होतं आणि मी त्याला कधी इतिहास म्हटलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

डोक्यावर मी शाळेत रोज घेते तशी वेगळी लहान ओढणी घेतली, साडीच्या काठाच्या रंगाची. तिसरी वस्तू वेणीचा गोंडा. लोकर आणून तो मी स्वतः केला. ओढणीखाली तो कुणाला दिसत नाही, पण मला माहीत असतं की तो आहे. पायात नेहमीची चप्पल. नवं विकत आणलं ते एवढंच, खणाचा तुकडा आणि थोडी लोकर. बाकी सगळं घरात होतं.

हा पोशाख करून मी एक आठवडा शाळेत गेले. तिसऱ्या दिवशी मुलांनी विचारलं, "टीचर, लड़कों का क्या?" प्रश्न रास्त होता. मग त्यांना मलिक अंबर दाखवला.

मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, अरब बाजारांतून फिरत दख्खनमध्ये आला, आणि निजामशाहीचा पेशवा झाला. त्याने १६१० मध्ये वसवलेलं खडकी पुढे औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. १६२६ साली तो वारला. त्याचं एक प्रसिद्ध चित्र अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या हातात सगळी सत्ता होती, मोगल बादशहा जहांगीर त्याच्या नावाने बोटं मोडत होता. पण चित्रात अंगात साधा पांढरा, झिरझिरीत सुती जामा आहे. जामा म्हणजे छातीवर एकावर एक पाखं घेऊन बाजूला बंदांनी बांधायचा, खाली घेर असलेला अंगरखा.

दुसरं चित्र दाखवलं ते छत्रपती शिवाजी महाराजांचं. गोवळकोंड्याच्या चिताऱ्यांनी काढलेलं हे चित्र आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. महाराजांच्या अंगातही जामाच आहे आणि कमरेला पटका. मुलं दोन्ही चित्रांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग मी त्यांना गाठीची गोष्ट सांगितली. त्या काळातली चित्रं ओळखताना अभ्यासक एक खूण बघतात. जाम्याचे बंद उजव्या बाजूला बांधले असतील तर माणूस बहुधा मुसलमान, डाव्या बाजूला असतील तर बहुधा हिंदू. प्रत्येक चित्राला हा नियम लागू पडतोच असं नाही, पण खूण म्हणून ती मानली जाते.

ही गाठ मला फार आवडली. 'तेव्हा सगळं एकच होतं, फरकच नव्हता' असं गोड बोलणाऱ्यांना ती उत्तर देते. फरक होता, आणि लोकांना तो ठेवायचाही होता. आपण कोण हे कपड्यावरून कळावं, ही इच्छा साधी माणसाची इच्छा आहे. पण त्यासाठी त्यांनी वेगळा कपडा शोधला नाही. जामा एकच ठेवला आणि गाठ आपापल्या बाजूला बांधली. आमच्या वर्गातल्या एका मुलाने लगेच घरून बाजूला बंद असलेला जुना पांढरा कुर्ता आणला आणि उजवीकडे गाठ मारून आठवडाभर मिरवला.

धर्माचा नियम पाळूनही या मुलखातलं कापड कसं वापरायचं, याची आणखी एक युक्ती जुन्या विणकरांनी काढली होती. ती आहे मश्रू. मुसलमान पुरुषाला निव्वळ रेशीम वर्ज्य. मग कापड असं विणलं की वरून रेशीम चमकेल आणि अंगाला लागेल ते आतलं सूत. 'मश्रू' या शब्दाचा अर्थच शरीयतला मंजूर असलेलं. रेशीम हवं आणि नियमही मोडायचा नाही, तर भांडण करण्यापेक्षा माग बदला! औरंगाबादची हिमरूसुद्धा सूत-रेशमाच्या अशाच मिश्रणातली. माझ्याकडे अम्मीची हिमरूची एक शाल आहे. रोजच्या वापराची ती नाही, ईदला निघते.

आणि आता लुगड्याचं. मालेगावच्या मागांची गोष्ट त्या मुलीला सांगायचीच होती. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडून परागंदा झालेले मोमीन विणकर मालेगावात येऊन वसले. तिकडून येताना त्यांनी माग आणले, कसब आणलं. इथे आल्यावर ते काय विणू लागले? इथल्या बायका नेसत होत्या ती रंगीत सुती लुगडी, नऊवारी. गावोगावच्या बाजारात शेतकऱ्यांच्या, कामकरी बायकांच्या अंगावर ती गेली. सुताला पाजण दिली मोमिनाच्या बायकोने, विणलं मोमिनाने, विकलं मारवाड्याने किंवा तांबोळ्याने, नेसली मराठीण. आणि माझी दादीही. यात 'हिंदू लोगां का' कुठून वेगळं काढणार?

आठवड्याच्या शेवटी मी नववीच्या वर्गात त्या पुस्तकातलं पुसलेल्या राणीचं चित्र मोठं करून लावलं. तिची सगळी गोष्ट सांगितली. मग प्रत्येकीला कागद दिला आणि पुसलेल्या जागी राणी काढायला सांगितली, कपड्यांसकट. कुणी तिला चोळी आणि लांब पदर दिला. कुणी शरारा दिला. एकीने काळा बुरखा काढला आणि त्यावर सोन्याची किनार दिली. मी कुणालाच खोडलं नाही. रंग फासायचं काम एकदा झालेलं आहे, ते पुन्हा आपण करायला नको.

जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं त्या मुलीने राणीला हिरवं लुगडं नेसवलं होतं. तिच्या मागे बसणाऱ्या मुलीने, जी त्या दिवशी 'अपना ड्रेसच नहीं' म्हणणाऱ्यांत होती, वाकून बघितलं आणि म्हणाली, "मेरी नानी का भी ऐसाच है. पेटी में रखा है."

माझा तो पोशाख आता आठवड्यातून दोन दिवस असतो. खणाचं कापड पहिल्या धुण्यात थोडं आटलं, तेव्हा तुम्ही शिवणार असाल तर आधी भिजवून घ्या. आणि शिवण्याआधी घरातली पेटी उघडून बघा. दादी-नानी हयात असतील तर त्यांना विचारा, तुम्ही काय नेसायचा, कुणाकडून घ्यायचा, पदर कसा घ्यायचा. नेसताना त्यांचा एक फोटो काढून ठेवा. आपल्या बायकांची चित्रं काढायला कुणी चितारी बसला नव्हता, आणि जिची काढली तिचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.